पाथेरच्या भिंतीवरची चौथी गिटार

थुलासिझ्वे या नावाचा अर्थ होतो ‘गप्प बसा रे सगळे’. हे नाव ठेवणाऱ्या आजोबांचं जगाने ऐकलं की नाही ते माहीत नाही. नातवाने ऐकलं नाही एवढं नक्की. पोटासाठी मात्र थुलासिझ्वे झुंगूने नावाला शोभणारा धंदा धरला होता. डरबनच्या बाजारपुलाखाली एका गॅरेजात तो गाड्यांना सायलेन्सर बसवायचा. आठवडाभर टॅक्सीवाल्यांच्या खोकणाऱ्या गाड्या गप्प करायच्या, आणि शनिवारी दुपारी कोपरापर्यंत हात घासून ग्रे स्ट्रीटवर पाथेरच्या दुकानात जाऊन आपण आवाज करायचा, असा त्याचा क्रम होता. (रस्त्याचं नाव बदलून बरीच वर्षं झाली, पण ही गोष्ट त्या रस्त्यावरच्या लोकांना अजून कोणी पटवून दिलेली नाही.)

दुकान माडीवर होतं, खाली साड्यांचं दुकान. जिना चढून आलं की समोर पाटी: ‘विचारल्याशिवाय हात लावू नये’. ही सूचना इंग्रजी, झुलू आणि तमिळ अशा तिन्ही भाषांत होती आणि तिन्ही भाषांत ती कोणी वाचत नसे. पाटीखाली गल्ल्यावर पाथेरची थोरली बहीण सावी अक्का स्वेटर विणत बसलेली असे. डरबनला स्वेटर लागत नाहीत, पण अक्काला समोर सुया धरून बसण्याचं समाधान होतं. आत पाथेर, आणि पाथेरच्या मागे भिंतीवर गिटारी.

थुलासिझ्वेची म्हणजे डावीकडून चौथी. बारीक कमरेची, गुळाच्या रंगाची, पोलादी तारांची. तो ती काढायचा, सगळ्यात बारीक तार जराशी उतरवायचा, कारण आम्हा झुलूंची गिटार त्याशिवाय आमच्यासारखी बोलत नाही, आणि मग वरपासून खालपर्यंत सुरांची एक झड काढायचा. त्यानंतर गाणं. आणि गाण्याच्या ऐन मध्यावर, बोटं चालू ठेवून, बिरुदावली.

बिरुदावलीला पर्याय नसतो. वाजवणारा कोण, कोणाचा, कोणत्या नदीचं पाणी प्यायलेला, हे न सांगता जो वाजवतो तो दुसऱ्याच्या गोठ्यात शिरलेला चोर. तेव्हा दर शनिवारी पाथेरच्या दुकानात घोषणा व्हायची:

“मी थुलासिझ्वे! झुंगूंचा, मांझिनींचा! पांढऱ्या उम्फोलोझीचं पाणी प्यायलेला, जिथे मगरी आधी नाव विचारतात! गाड्यांचे घसे दाबणारा, स्वतःचा उघडणारा! खोझांच्या घरून बायको आणणारा, जिथे सात मुली होत्या आणि कुंपण धरायला एक मुलगा नव्हता!”

पाथेरला स्वतःच्या पणजोबाचं नाव विचाराल तर तो बहिणीकडे बघायचा आणि बहीण सुयांकडे. पण झुंगूंच्या पिढ्या दोघांनाही तोंडपाठ झाल्या होत्या.

वाजवून झालं की थुलासिझ्वे गिटार खुंटीला अडकवायचा, म्हणायचा, “बघतो, बाबा पाथेर. पुढच्या महिन्यात बघतो.” तो गेला की पाथेर उतरवलेली तार पुन्हा चढवायचा आणि तमिळमध्ये काहीतरी पुटपुटायचा. ते प्रार्थनेसारखं ऐकू यायचं, पण नसावं.

असं वर्षभर चाललं. मग एका रविवारी कामगारांच्या होस्टेलवर, मक्याचा घाटा आणि दही खाताना, थुलासिझ्वेच्या खोलीतला झेन्झेले म्बाथा याने फोन पुढे केला. जोहान्सबर्गचं कुठलंसं गोदाम होतं. त्यात तीच गिटार होती, तोच कारखाना, तोच गुळाचा रंग, आणि पाथेरच्या किमतीतून एक चांगली बकरी वजा.

“पण शांडू,” थुलासिझ्वे त्याला म्बाथांच्या मानाच्या कुळनावाने हाक मारून म्हणाला, “वर्षभर मी ती पाथेरकडे वाजवली.”

“मग? बाजारात तपकीरवालीकडे चिमूट ओढून बघतोस, तेव्हा दर वेळी डबी घेतोस का?”

“ती चिमूट असते रे. ही वर्षभर ओढलेली तपकीर आहे.”

“मग एकदा शिंक आणि विसरून जा,” झेन्झेले म्हणाला आणि बटण दाबलं.

शिंकून मोकळं होण्याऐवजी थुलासिझ्वेने त्याची कविता केली. गिटार आली त्या संध्याकाळी होस्टेलच्या अंगणात त्याने बिरुदावलीला नवी शेपटी जोडली (आमच्यात नवरी आणायची तर तिच्या बापाच्या दारात गाई बांधाव्या लागतात): “ग्रे स्ट्रीटच्या पाथेरची नवरी वर्षभर नाचवली, आणि गाई दुसऱ्याच दारात बांधल्या! पाथेर खुंटीखाली झोपून होता!” पोरं खाटांवर पाय आपटून हसली. पुन्हा म्हण, पुन्हा म्हण, असं झालं. आणि इथेच त्याची चूक झाली. बिरुदावलीत फुशारकी चालते, खोटं चालत नाही. आणि चार लोकांनी उचलून धरलेली ओळ मग तुमची राहत नाही. ती नाकासारखी चेहऱ्यावर बसते. एखाद्या दिवशी घरी ठेवून जावं म्हटलं तर जमत नाही.

आठवड्याभरात नवी गिटार खोकायला लागली. पाचव्या पडद्यावर बोट ठेवलं की डब्यात माशी अडकल्यासारखी झिणझिण. थुलासिझ्वेने तारा बदलल्या, तोफा डागाव्यात तशा शिव्या डागल्या, गिटार उन्हात ठेवली, सावलीत ठेवली. माशी तिथेच.

आणि पुढच्या शनिवारी मुलीचं लग्न.

मुलगी बाजाबुलीले, थोरली. मुलगा सिबियांचा. माणसं चांगली, पण मुलाचा काका फानोझी कॉन्सर्टिना, म्हणजे दोन हातांत धरायची छोटी भात्याची पेटी, वाजवायचा आणि ती छातीशी धरून सगळ्या जिल्ह्याला हिणवायचा. गाई ठरवायच्या बैठकीतच तो म्हणाला होता, “झुंगूंना गाई मोजता येतात, ते दिसलं. पण ह्यांच्या घरात बोलणारं वाद्य आहे की नुसते सायलेन्सरच?” सगळे हसले. नवऱ्या मुलीचा बापही हसला, कारण त्या बैठकीत दुसरं काही करता येत नाही.

त्या आठवड्यात बाजाबुलीलेचा फोन आला. “बाबा, तुम्ही वाजवणार ना? नीट वाजवणार ना?”

“का गं?”

“नाही वाजवलंत तर काका ते मला माझ्या नातवंडांच्या बारशापर्यंत ऐकवतील. तुम्हाला घरी जायचंय. मला तिथे राहायचंय.”

थुलासिझ्वे पुलाखालच्या एका कारागिराकडे गेला. तो रेडिओ, छत्र्या आणि गिटारी दुरुस्त करायचा. त्याने गिटार हातात घेतली, हलवली आणि नारळ बघतात तशी कानाशी धरली. थुलासिझ्वेने ती परत घेतली. सगळ्या डरबनात खोकणाऱ्या गिटारीला हात लावू द्यावा असा एकच माणूस होता, आणि तो खुंटीखाली झोपून असल्याचं अर्ध्या होस्टेलला पाठ होतं.

बुधवारी दुपारी तो घोंगडीत गुंडाळलेली गिटार घेऊन जिना चढला. पाथेर अर्ध्या पावात भरलेली राजम्याची उसळ खात होता. तमिळांचा पुरटासीचा महिना लागला होता. महिनाभर मटण बंद, आणि त्या महिन्यात पाथेर जरा उदास असायचा.

“बाबा पाथेर, ही गिटार बघायची होती. माझी नाही. जोहान्सबर्गहून आलीय. माझ्या बायकोच्या भावाची.”

सावी अक्काच्या सुया थांबल्या.

पाथेरने हात पुसले, घोंगडी उलगडली, एकेक तार छेडली. “तुझ्या बायकोचा भाऊही बारीक तार उतरवून लावतो वाटतं.”

“तोही आमच्याच नदीचं पाणी प्यायलाय.”

“आणि तोही सायलेन्सरच बसवतो? लाकडाला वेल्डिंगचा वास येतोय.”

“मीच उचलून आणली ना,” थुलासिझ्वे म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. “शनिवारी त्याला लग्नात वाजवायचीय. बाजाबुलीलेचं लग्न.”

“मुलीचा मामा वाजवणार?” अक्काने विचारलं. “आणि बाप?”

“बाप… बसणार.”

“शुक्रवारी ये,” पाथेर म्हणाला आणि पुन्हा पावाकडे वळला. थुलासिझ्वे जिना उतरला तेव्हा निभावलं म्हणून त्याला इतकं बरं वाटलं, की खोझांच्या घरात कुंपण धरायला एक मुलगा नव्हता हे त्याने स्वतः दर शनिवारी ह्याच दुकानात ओरडून सांगितलंय, ते त्याच्या ध्यानातही आलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी गावाकडची टॅक्सी होती. दुपारीच तो दुकानात पोचला. दोन गिऱ्हाईकं होती: चर्चचा कीबोर्ड बघणारी एक बाई आणि नुसताच उभा असलेला तिचा नवरा. पाथेरने गिटार पुढे केली.

“वाजवून बघ.”

“तुम्ही बघितलंत ना, मग झालं.”

“मी बघितलं, ते माझ्या हाताने. दुरुस्त केलेली वस्तू न वाजवता मी कोणाला देत नाही. बायकोच्या भावाने तक्रार केली तर?”

थुलासिझ्वेने ठरवलं: नुसती सुरुवातीची झड काढायची आणि थांबायचं. गाणं नाही, बिरुदावली नाही. त्याने झड काढली.

माशी गेली होती. एवढंच असतं तरी त्याने निभावून नेलं असतं. पण पाचव्या पडद्यावरून सूर असा सुटला, की जणू पावसाळ्यानंतर उम्फोलोझीचं पाणी खडकावरून पहिल्यांदा स्वच्छ उतरलं. बोटांनी धन्याला न विचारता गाणं धरलं. चर्चवाल्या बाईने मान वळवली, नवऱ्याने पहिल्यांदाच काहीतरी बघितलं. आणि गाणं मध्यावर आलं, तेव्हा इतकी चांगली गिटार हातात असताना आपण कोण ते न सांगणं म्हणजे बापाला ओळख न दाखवण्यासारखं होतं. थुलासिझ्वेने तोंड उघडलं. झुंगू झाले, मांझिनी झाले, मगरी झाल्या, खोझांच्या सात मुली झाल्या. त्याला पुढचं वळण दिसलं. उतारावर ब्रेक गेलेल्या टॅक्सीच्या चालकाला दिसतं तसं, अगदी स्पष्ट.

“…ग्रे स्ट्रीटच्या पाथेरची नवरी वर्षभर नाचवली, आणि गाई दुसऱ्याच दारात बांधल्या! पाथेर खुंटीखाली झोपून होता!”

बोटं थांबली. चर्चवाल्या बाईने टाळ्या वाजवायला उचललेले हात पर्समध्ये घातले.

“मांझिनी,” सावी अक्का म्हणाली, “सात मुलींच्या घरात हा भाऊ कधी उगवला रे? आम्हाला कळवलं नाहीस. बारशाला आलो असतो.”

पाथेरने गिटार त्याच्या हातातून काढून घेतली नाही. तो स्टुलावर बसला. “मी झोपलो नव्हतो,” तो म्हणाला.

“बाबा पाथेर, ती पोरांनी—”

“ऐक. गोदामातून येते ती प्रत्येक गिटार तुझ्या ह्या गिटारीसारखीच खोकत येते. ती चौथीसुद्धा तशीच आली होती. दोन दिवस मी तिची मान सरळ केली, पडदे घासले, मग खुंटीला लावली. तुला वाटलं तू गिटार वाजवून बघतोयस. तू वर्षभर माझे दोन दिवस वाजवत होतास.”

“आणि तारा,” अक्का म्हणाली. “ह्याच्या घामाने गंजतात. त्या बदलायला उम्फोलोझीवरून कोणी येत नाही.”

थुलासिझ्वेच्या गॅरेजात रोज कोणीतरी यायचं, “जरा ऐक ना, आवाज कुठून येतोय” म्हणायचं. तो गाडीखाली पाठीवर पडून ऐकायचा, सांगायचा, आणि तो माणूस “बघतो” म्हणून मेव्हण्याकडे जाऊन काम करून घ्यायचा. अशा माणसांसाठी त्याच्याकडे एक खास शब्द होता. तो छापता येत नाही. आता त्याला तो स्वतःला लागू करून बघावा लागला, आणि तो चपखल बसला.

“तुमच्यात,” पाथेरने विचारलं, “वर्षभर एका मुलीबरोबर फिरायचं आणि लग्न दुसरीशी करायचं, असं केलं तर दंड काय?”

थुलासिझ्वे प्रामाणिक माणूस होता. रूढीच्या प्रश्नाला तो खोटं उत्तर देऊ शकत नव्हता. “नुसतं फिरणं असेल तर बकरी. मुलीचं काही… बिघडलं असेल तर गाय.”

“तारा झिजल्यात,” अक्का म्हणाली.

“अक्का, गाय जिना कशी चढेल?” पाथेर म्हणाला. “आणि बकरीचं मी काय करू? पुरटासी आहे.”

“महिना संपला की आणतो.”

“तोवर बांधणार कुठे? पियानोला?” अक्का पुन्हा विणू लागली.

पाथेरने भिंतीकडे बघितलं. “बकरी नको. तुझी ती ओळ अर्धवट आहे. बिरुदावलीत खोटं चालत नाही म्हणतात ना तुमच्यात? मग पूर्ण कर. नवरी मुकी निघाली, तिचा घसा कुणी उघडला, तेही घाल. जिथे म्हणशील तिथे पूर्ण म्हण.”

“उद्या लग्नात सुद्धा?”

“लग्नात तर म्हणच.”

दुरुस्तीचे पैसे त्याने घेतले. पाथेर उदास असला तरी वेडा नव्हता.

गावाकडच्या टॅक्सीत थुलासिझ्वेने गिटार मांडीवर धरली होती आणि डोक्यात दोन शेपट्या. एक म्हणजे जुनी, डौलदार. दुसरीत झुंगूंच्या घरचा पुरुष मान खाली घालून जिना चढत होता, आणि ती सिबियांच्या पुढ्यात, फानोझीच्या कानावर घालायची होती. शेजारी बसलेला झेन्झेले म्हणाला, “पाथेर काय बघायला येणारे? जुनीच म्हण.”

“तू असशील ना तिथे.”

“मी कोणाला सांगणार?”

“मला सांगशील,” थुलासिझ्वे म्हणाला. “दर रविवारी, घाटा खाताना.”

लग्नात फानोझी आधी वाजवायला उठला. वाजवलं चांगलंच, ते कबूल करायला हवं. सिबियांची नदी, सिबियांचे बैल, सगळं यथासांग सांगून तो बसला, आणि कॉन्सर्टिना मिटताना म्हणाला, “चला, आता सायलेन्सर ऐकू या.”

बाजाबुलीले मण्यांच्या माळा घालून बायकांत उभी होती. नव्या सुनेने मान वर करायची नसते. तिने बापाकडे बघितलं.

थुलासिझ्वेने झड काढली. अंगण गप्प झालं. फानोझीच्या शेजारचा म्हातारा बसल्या जागी पाय हलवू लागला. गाणं मध्यावर आलं, झुंगू आले, मगरी आल्या, आणि ती ओळ आली. नवरी वर्षभर नाचवली, गाई दुसऱ्याच दारात बांधल्या! सिबिया खो खो हसले. इथे थांबता आलं असतं. बोटं तर गाण्याकडे परत वळलीही होती. पण ही गिटार इतकं स्वच्छ बोलत होती, की तिच्यावर अर्धं बोलणं मळासारखं दिसलं असतं.

“…पण नवरी मुकी निघाली!” थुलासिझ्वे ओरडला. “आणि तिचा घसा उघडायला मी त्याच पाथेरचा जिना चढलो, खोटा मेव्हणा काखेत मारून! नसलेल्या मेव्हण्याला पाथेरच्या बहिणीने पकडलं, आणि मला माझ्याच तोंडाने! पाथेर झोपत नाही! पाथेर उपाशीपोटी सुद्धा झोपत नाही!”

मग झुंगूंच्या बायकांनी जिभा वाजवून असा कल्लोळ केला की कुंपणावरची कोंबडी उडाली. पुरुषमंडळी आधी एकमेकांकडे बघून आणि मग एकमेकांना धरून हसली. बाजाबुलीलेने मान खाली घातली, पण तिचे खांदे हलत होते.

जेवणं चालू असताना फानोझी मांसाचं ताट घेऊन थुलासिझ्वेजवळ आला. त्यातलं एक हाड निवडून चावू लागला.

“वाजवलंस,” तो म्हणाला. “आणि पडलेला माणूस ‘पडलो’ असं आपणहून सांगतो, ते मी पहिल्यांदाच ऐकलं.”

“आभार, सोतोबे,” थुलासिझ्वेने सिबियांच्या कुळनावाने मान दिला.

फानोझीने मागे वळून पाहिलं, आवाज उतरवला. “तो पाथेर… कॉन्सर्टिना उघडतो का? माझीतले दोन सूर मेलेत. वर्ष झालं, मी त्यांना वळसा घालून वाजवतोय. हे मी बोललो नाही.”

“मी ऐकलं नाही,” थुलासिझ्वे म्हणाला.

पुढच्या शनिवारी दोघे व्याही मिळून जिना चढले. फानोझीने आपली कॉन्सर्टिना पाथेरपुढे ठेवली. पाथेरने ती फिरवून पाहिली. “कुठून घेतली?” फानोझीने आढ्याकडे बघितलं. पाथेरने पुढे विचारलं नाही. मग फानोझीची नजर काचेच्या कपाटातल्या नव्या कॉन्सर्टिनाकडे गेली. त्याने पाटी वाचली नाही. ती काढून त्याने अर्धा तास वाजवली आणि मध्यावर सिबियांचे आजे, पणजे, बैल आणि नदी यांची रीतसर ओळख करून दिली.

“घ्या,” सावी अक्का सुया न थांबवता म्हणाली. “आता हीसुद्धा वंशावळ पाठ करा.”

“बघतो,” फानोझी म्हणाला आणि कॉन्सर्टिना कपाटात ठेवली. “पुढच्या महिन्यात बघतो.”

थुलासिझ्वे भिंतीकडे वळला. आता त्याच्याकडे स्वतःची गिटार होती. चौथीशी त्याचा तसा काही संबंध उरला नव्हता. तरी हात गेला. पण पाटी आठवून तो थांबला आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला, “हात लावू का, बाबा पाथेर?”

पाथेर फानोझीच्या कॉन्सर्टिनाचे स्क्रू सोडवत होता. त्याने मान हलवली.

थुलासिझ्वेने गिटार काढली, बारीक तार उतरवायला खुंटी पिळणार तोच बोट थबकलं. तार उतरवलेलीच होती. त्याने हळूच झड काढली; सूर जागच्या जागी होते. पाथेरकडे बघितलं तर पाथेर स्क्रूंमध्ये गढलेला. मग त्याची नजर गिटारीच्या मानेला लटकलेल्या चिठ्ठीकडे गेली.

“बाबा पाथेर, किंमत वाढली?”

“वाढणारच,” पाथेर म्हणाला. “आता ती झुलूत लावून मिळते.”